काजळीची रेघ

अब्बा गाडी बघायच्या आधी ऐकायचे. मिरजेत रस्त्याकडेला आमचं छोटं गॅरेज होतं. एखादी जीप दारात येऊन थांबली तरी ते हातातलं काम सोडत नसत. पाना फिरवता फिरवताच म्हणायचे, "टॅपेट ढिले झालेत," नाहीतर "वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय." ड्रायव्हरनं खाली उतरून तक्रार सांगायच्या आत निम्मं निदान झालेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच अब्बा असं ऐकतात.

मिरज तसं कानाचंच गाव. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथं अजून गाणं होतं. सतारी, तंबोरे करणारी घराणी इथलीच. मूळची ही शिकलगार मंडळी, हत्यारांना धार लावणारी. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात फोटोबिटो आले. त्या गल्लीतले एक चाचा अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त होते. जवारी काढण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. सतारीच्या घोडीवरून कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. केसभर जास्त घासलं की आवाज बसला. चाचा अब्बांना चिडवायचे, "मियाँ, तू पण जवारीच काढतोस. फक्त तुझी तेलकट असते."

गोष्ट ऑक्टोबर २००६ मधली आहे. त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यात एका शाळेवर मास्तर होतो, दिवाळीच्या सुट्टीला घरी आलो होतो. शाळेत असताना दर सुट्टीत मी गॅरेजमध्ये काम केलेलं, त्यामुळे घरी आलो की जुना शर्ट चढवून तिथंच जाऊन बसायचो. रोजाचे दिवस, अब्बांना तेवढीच मदत.

मी आलो त्याच दिवशी जतकडचे एक वडापवाले मामा गाडी घेऊन आले. टर्बो डिझेलची जीप, दहाजणांच्या जागेत पंधराजण बसवणारी. मामा म्हणाले, "मिस्त्री, गाडी चढाला दम धरंना. मागनं काळा धूर सोडतीया. आन् फुडं बसलेल्याचं डोळं झोंबत्यात." अब्बांनी गाडी चालू केली, रेस दिली, मान तिरपी करून ऐकलं. म्हणाले, नोझल खराब झाले असणार, डिझेल नीट फवारत नाही. नोझल काढून पंपवाल्याकडून तपासून आणले, बसवले. साडेआठशे रुपये घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, अब्बांनी ती पुन्हा चालू केली. मी बॉनेटजवळ उभा होतो. आणि मला तो आवाज आला. चिट् चिट् चिट् चिट्. इंजिनाच्या मागच्या अंगाला, बारीक, चिमणीच्या पिल्लासारखा. रेस दिली की तो भरभर यायचा. तीनचार मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज बंद झाला.

अब्बांनी बॉनेट खाली टाकलं. "आवाज साफ आहे. घेऊन जावा."

मी काही बोललो नाही.

गाडीचं बॉनेट उघडायची वेळ ज्यांच्यावर कधी आली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात डिझेल जळलं की त्याचा धूर मॅनिफोल्ड नावाच्या बिडाच्या नळकांड्यातून बाहेर पडतो. साध्या गाडीत तो सरळ सायलेन्सरकडे जातो. टर्बोच्या गाडीत मात्र तो आधी एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हे दांडकं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. बाहेर फेकायच्या धुराकडून फुकटात काम करून घ्यायची ही युक्ती. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं होतं. युक्ती उत्तम, पण सगळा खेळ मॅनिफोल्ड आणि टर्बो जिथं एकमेकांना भेटतात त्या जोडावर. तिथं दोन सपाट तोंडं, मध्ये पत्र्याचं पॅकिंग, आणि आवळायला चार स्टड. त्या जागी पाचसहाशे अंश उष्णता असते, ओझं पडलं की त्याहूनही जास्त. रोज तापायचं, रोज निवायचं. वर्षानुवर्षांत बीड वाकतं, स्टड ताणतात, एखादा तुटतो. मग तिथून धूर फुसफुसायला लागतो. चक्राला जोर मिळत नाही, हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं. म्हणजे काळा धूर. आणि जो धूर मागच्या नळीतून जायला हवा तो बॉनेटखाली कोंडतो, आणि वायरी, पेडल यांच्या भोकांतून, हवेच्या झरोक्यातून माणसांच्या तोंडाशी येतो. थंड असताना फट उघडी असते म्हणून आवाज येतो. बीड तापून फुगलं की फट बरीचशी मिटते आणि आवाज जातो. चोर असा शहाणा असतो.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं तेही अब्बांनीच शिकवलं म्हणून. मग मी गप्प का बसलो? एक तर, उस्तादानं गिऱ्हाइकासमोर "साफ आहे" म्हटल्यावर शागिर्दानं तोंड उघडायचं नसतं, हा आमच्या गॅरेजचा कायदा. पण तेवढंच नव्हतं. तो आवाज इतका स्पष्ट होता की तो ज्याला आला नाही त्याच्याबद्दल मला काहीतरी कळल्यासारखं झालं, आणि ते मला कळून घ्यायचं नव्हतं. घरी अम्मी एक गोष्ट दोनदोनदा सांगायची. अब्बा "क्या बोल्या?" म्हणायचे आणि आम्ही समजायचो, रोजानं थकलेत. मी मनाशी म्हटलं, त्यांना ऐकू आला असेल, किरकोळ वाटला असेल. माणूस स्वतःला किती सहज पटवतो!

त्यानंतर आठएक दिवसांनी मामा परत आले. गाडी दुसराच कुणी चालवत होता. मामांच्या मुलीचा मुलगा, सहासात वर्षांचा, दिवाळीला आजोळी आलेला, पुढच्या सीटवर बसून हट्टानं त्यांच्याबरोबर मिरजेला निघाला होता. पहाटेची थंडी म्हणून काचा वर. कवठे महांकाळ सोडल्यावर पोराला ओकारी झाली, मग झोपला, आणि मिरज आली तरी उठेना. मामांनी गाडी तशीच दवाखान्यात नेली. तिथं ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत पोरगं बोलायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, गाडीत धूर येतो का?

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीनं चिकटतो. डिझेलच्या गाडीत तो पेट्रोलच्या मानानं कमी, पण नीट न जळणाऱ्या इंजिनाचा भरवसा देता येत नाही. (डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ साली पक्कं सांगितलं. आमच्या गॅरेजमध्ये तोवर तीन पिढ्या तो धूर खाऊन गेल्या होत्या.)

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री, एकदा नीट बघा की." आणि पोराजवळ दवाखान्यात निघून गेले.

त्या दिवशी इफ्तारला अब्बांनी खजूर तोंडात टाकला आणि बराच वेळ पाण्याचा पेला तसाच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर ते मला म्हणाले, चल. गाडी रात्रभर उभी होती, बर्फासारखी गार. त्यांनी चालू केली. चिट् चिट् चिट्. ते मान तिरपी करून ऐकत होते, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी बॅटरी हातात घेतली आणि न बोलता टर्बोच्या जोडावर उजेड धरला. जोडाखाली, बिडाच्या गंजलेल्या तांबूस अंगावर, बोटभर लांबीची काळीभोर रेघ होती. काजळीची. धूर जिथून निसटतो तिथं तो आपली सही करून जातो.

अब्बांनी गाडी बंद केली. बोट घालून रेघ पुसली, बोट बघितलं.

"तेरेकू सुनने आता था ना?"

"हौ, अब्बा."

"कबसे?"

मी खरं सांगितलं. पहिल्या सकाळपासून. मग घाईघाईनं म्हणालो, गाडी दरवेळी जतहून तापून येते, तापल्यावर हा आवाज जातोच, कुणालाही कळला नसता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या सकाळी गाडी गारच होती. मीच चालू केली होती," ते म्हणाले.

ईदनंतर मी त्यांना कान तपासायला घेऊन गेलो. डॉक्टरांनी आलेख दाखवला. जाड, खालच्या आवाजांची रेघ बरी होती, चार हजाराच्या आकड्याजवळ ती विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. हातोडा, छिन्नी, ग्राइंडर, सायलेन्सर काढून चालवलेली इंजिनं. चाळीस वर्षांच्या गोंगाटानं आधी हेच बारीक आवाज जातात. कानातल्या ज्या पेशी मरतात त्या परत उगवत नाहीत. बोलण्यातले स, च, फ निसटतात, म्हणून माणसाला वाटतं लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. हे नंतरचं. त्या सकाळी अब्बांनी फक्त बाह्या वर केल्या.

गॅरेजमधला पोरगा म्हणाला, उस्ताद, लाल पेस्ट भरून टाकू, दिवाळी निघून जाईल. अब्बा त्याच्यावर चिडले नाहीत, समजावून सांगितलं. ती पेस्ट तीनशे अंशांच्या आसपास दम सोडते. इथं त्याच्या दुप्पट आग. जळून तिचा तुकडा सुटला तर सरळ चक्रात जाणार. मग टर्बोच गेला.

नटांवर आदल्या रात्रीपासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. तीन नट कुरकुरत निघाले. चौथा नव्हताच, खालचा स्टड आतच तुटून राहिला होता. आणि अजून एक गोष्ट नव्हती. टर्बोखालून सायलेन्सरच्या पाइपाला धरून ठेवणारी आधाराची पट्टी. ती नसली की पाइपाचं सगळं ओझं, खड्ड्यांचे सगळे हिसके त्या चार स्टडवर. कुणीतरी मागं क्लच प्लेटचं काम करताना काढली असेल, बोल्ट अवघड जागी म्हणून परत लावली नसेल. अब्बा बराच वेळ त्या रिकाम्या भोकांकडे बघत होते. "हे काम आपल्याकडं पण झालं असेल," ते म्हणाले. मी म्हटलं, दुसरीकडंही झालं असेल. "असेल," ते म्हणाले.

तुटका स्टड काढायला शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्या वर्षी भारनियमन असं होतं की वेल्डिंग करणाऱ्यानं घड्याळ बघूनच जन्माला यावं. लाईट आली तशी त्यानं स्टडच्या उरलेल्या बुडख्यावर एक नट ठेवला आणि आतून वेल्डिंग भरलं. पहिला नट तुटून आला. दुसराही. तिसऱ्याला अब्बा म्हणाले, थांब, लाली उतरू दे. लाली उतरल्यावर त्यांनी पाना लावला, आधी आवळायच्या बाजूला इवलासा, मग सोडायच्या बाजूला. परत इकडे, परत तिकडे. आटे सुटल्याचं त्यांना हातात कळलं. बुडखा बाहेर आला. वेल्डिंगवाल्यानं पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी त्याच्या आईनं इफ्तारला चकल्या पाठवल्या.

खरी अडचण पुढं होती. मॅनिफोल्ड उतरवून त्याच्या तोंडावर पट्टी धरली, पट्टीखाली फीलरचं पान घातलं. आठ थाऊचं पान एका कोपऱ्यात सहज आत गेलं. म्हणजे तोंड वाकलेलं. अशा तोंडावर नवं पॅकिंग टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ते मशीनवर घासून सपाट करायला हवं, आणि लक्ष्मीपूजनाच्या आधल्या दिवशी सगळे टर्नर दुकानं धुऊन, झेंडूच्या माळा बांधून मोकळे झालेले. मामांची गाडी पाडवा, भाऊबीज चुकवून उभी राहिली तर त्यांच्या वर्षाच्या कमाईतला मोठा घास जाणार होता.

ती सत्ताविसावी रात्र होती. शब-ए-कद्र. मोहल्ल्यातली माणसं तरावीहनंतर मस्जिदीत जागायला थांबली. अब्बा तरावीह पढून गॅरेजमध्ये आले. मी विचारलं, आज मस्जिदीत नाही बसणार? ते म्हणाले, "ते पोरगं उठलं नसतं तर कुठं बसलो असतो?"

खिडकीची जाड काच जमिनीवर अंथरली. तिच्यावर निळा रंग पातळ फासला. मॅनिफोल्डचं तोंड त्याच्यावर हलकेच टेकवून उचललं. जिथं उंचवटा तिथं निळं लागलं. तेवढंच कानसेनं घासायचं. पुसायचं. पुन्हा काचेवर. दहाच्या सुमाराला चाचा मस्जिदीकडे निघाले होते, उजेड बघून आत आले. थोडा वेळ उभं राहून बघितलं. मग टोपी नीट करून पालथी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "कानस अशी दाबू नकोस. तिचं वजन तिलाच टाकू दे." अब्बांनी कानस त्यांच्या हातात दिली.

त्या रात्रीतलं बोलणं मला फारसं आठवत नाही, कारण फारसं झालंच नाही. चाचांना अब्बांच्या कानाबद्दल मी सांगितलं नव्हतं. पण मध्येच अब्बांनी स्वतःच सांगितलं, कानस चालू असताना, खाली बघत. "बारीक आवाज गेला माझा." चाचांचा हात थांबला नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "माझी पण खर्जाची तार अजून लागते. वरची मुलगा ऐकून सांगतो. दोन वर्षं झाली." मिरजेतले दोन नामांकित कान, आणि हे एकमेकांना दोन वर्षांनी सांगत होते.

अडीचच्या सुमाराला काचेवरचा निळा रंग तोंडाच्या चारी बाजूंना सारखा लागला. दोन थाऊचं पान कुठूनच आत जाईना. टर्बोचं तोंड बरं होतं, थोडक्यात भागलं. चाचा हात धुऊन मस्जिदीकडे गेले.

मग जोडणी. नवे स्टड, नवं पोलादी पॅकिंग, कोरडं, काहीही न फासता. तांब्याचा मुलामा असलेले नट. स्प्रिंग वॉशर नाही, आगीत त्याची स्प्रिंग मरते. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत, तीन फेऱ्यांत. आधाराची पट्टी जाड लोखंडी पट्टीतून वाकवून, भोकं पाडून नवी केली आणि अवघड बोल्ट हात सोलवटून घेऊन बसवला. टर्बोच्या तेलाच्या भोकात तेल ओतलं. सहरी झाली, फजर झाली. स्टॉपची तार ओढून ठेवून आधी नुसता सेल्फ फिरवला, तेल वर चढावं म्हणून.

एवढ्यात मामा आले. बरोबर पोरगं, अंगात दिवाळीचा नवा शर्ट, हातावर सलाईनची चिकटपट्टी तशीच. अब्बांनी खिशातून साडेआठशे रुपये काढून मामांच्या हातात ठेवले. मामा मागं सरकले. "मिस्त्री, ह्ये कशाला? रात्रभर तुमीच राबला."

"हे राबल्याचे नाहीत," अब्बा म्हणाले. "न ऐकता घेतलेले आहेत. ठेवा." मामांना ते कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी पैसे पोराच्या खिशात घातले.

अब्बा मला म्हणाले, "तू ऐक." मी बॉनेटवर वाकलो. त्यांनी गाडी चालू केली. गार इंजिन, आणि नुसता इंजिनाचा आवाज. रेस दिली. काही नाही. मी म्हटलं, साफ आहे, अब्बा. त्यांनी मान हलवली, गाडी बंद केली आणि पंख्याचा पट्टा काढायला लागले. मला समजेना. "तुझं ऐकलं. आता मला बघू दे." पंखा फिरू नये म्हणून पट्टा काढलेला, गार इंजिन मिनिटभर तसं चाललं तर बिघडत नाही. कोपऱ्यात ठेवलेला उदबत्तीचा पुडा घेतला, एक उदबत्ती पेटवली. गाडी पुन्हा चालू करून ती जोडाच्या भोवती, वरून, खालून, बाजूनं, अगदी जवळून हळूहळू फिरवायला लागले. फट असती तर धूर फुर्रकन उडाला असता.

डोक्यावर टोपी, हातात उदबत्ती, समोर उघडं बॉनेट. पोरगं टाचा उंचावून बघत होतं. त्यानं आपल्या चिरक्या आवाजात विचारलं, "आजोबा, तुमी पन गाडीची पूजा करताय?"

मामा ओशाळले, पोराला दटावायला लागले. अब्बांचं लक्ष धुराकडे होतं. पोराचे ओठ हललेले त्यांना दिसले असावेत. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाला तो? मला ऐकू नाही आलं."

मी त्यांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं. ते हसले. हात मात्र जोडावरून काढला नाही.

"त्याला म्हणावं, इकडं ये, बघ," ते म्हणाले. "धूर सरळ वर चाललाय का, सांग मला."